चंद्रकोरीची सन्मानपूर्वक विश्रांती

तोक्यो, ९ जून

ती. इसोए काकूंस,
सादर नमस्कार.

हवेतला दमटपणा वाढू लागला आहे आणि रस्त्याकडेला निळ्या-जांभळ्या फुलांचे गेंद भरून आले आहेत. अशा दिवसांत आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो. मी आपल्या कृपेने कुशल आहे.

सोबत आमच्या कार्यालयाचे एक पत्र जोडले आहे. त्याखाली माझाच शिक्का पाहून आपल्याला नवल वाटू नये, म्हणून ह्या चार ओळी. आमची 'मिकाझुकी फायनान्शियल' एक ऑक्टोबरला मूळ मिकाझुकी इलेक्ट्रिकपासून वेगळी होऊन शेअर बाजारात स्वतंत्र उभी राहणार आहे. त्या दिवसापासून कंपनीचे चंद्रकोरीचे चिन्ह कोणी, कुठे लावावे ह्याचे नियम कडक होतील. मूळ कंपनीने टीव्ही-फ्रिजची गावोगावची दुकाने बंद करून बरीच वर्षे झाली. आपल्या दुकानावरचा फलक मात्र तसाच राहून गेला आहे.

गेल्या महिन्यात कामोउराहून एका गृहस्थांनी आमच्या विमा कंपनीला फोन केला. मोडलेल्या हाताच्या दाव्याचे कागद मी चंद्रकोरीच्या दुकानात इसोएबाईंकडे दिले आहेत, त्याचे पुढे काय झाले, असे ते विचारत होते. प्रकरण वरपर्यंत गेले. आमचे साहेब म्हणाले, "कामोउरा तुमचंच गाव ना? मग तुम्हीच बघा."

पत्रातला मजकूर असा: 'आपल्या फलकाने दीर्घकाळ केलेल्या सेवेबद्दल आम्ही ऋणी आहोत. आता त्यास सन्मानपूर्वक विश्रांती लाभावी अशी आमची नम्र इच्छा असून, सप्टेंबरअखेरपर्यंत ह्या बाबतीत आपण समजून घ्यावे.' भाषा कार्यालयाची आहे, कृपया मनावर घेऊ नये.

आपला,
तोमोनारी


कामोउरा, २० जून

चि. तोमोस आशीर्वाद.

अर्धं पान हवामान! अरे, हवामान मला कळतं, मी दिवसभर खिडकीशीच बसते. आणि हे 'आपण', 'आपली प्रकृती' काय चाललंय? ज्या बाईनं तुझं नाक पुसलं तिला 'आपण'? पुढच्या पत्रात पुन्हा 'आपण' दिसलं तर पत्र न वाचता परत पाठवीन.

फोन करणारा गृहस्थ म्हणजे आपला सादाकिची, शेजारचा. होडीवर घसरला आणि हात मोडून बसला. एका हातात धुलाईयंत्राची फुटकी नळी आणि दुसऱ्या, गळ्यात बांधलेल्या हातात विम्याचे कागद, असा दुकानात आला. नळी मी बदलून दिली. कागद भाताच्या कुकरखाली ठेवले आणि त्याला चहा दिला. त्याच्या विम्यावर चंद्रकोर, माझ्या दुकानावर चंद्रकोर, मग तो दुसरीकडे कुठे जाणार? सांग, त्याचं काय चुकलं?

तो मला विचारत होता, तोमोची कंपनी बनवते काय? मी म्हटलं, काही बनवत नाही, दुसऱ्या कंपन्या धरून ठेवते. एक आयुर्विम्याची, एक मोटारीच्या विम्याची आणि एक बँक. तो म्हणाला, म्हणजे तीन बकऱ्यांच्या दोऱ्या धरून उभा असलेला माणूस! बरोबर आहे का ते तू कळव.

आता फलकाचं. पत्र मी चष्मा लावून तीनदा वाचलं. सन्मानपूर्वक विश्रांती! तुझे कुमाझो काका असते तर रडले असते रे. तोक्योच्या मोठ्या कार्यालयात काचेच्या कपाटात ठेवणार असाल ना? मी सादाकिचीला सांगितलं आणि त्यानं बंदरभर केलं. मासळी-बाजारातल्या बायका मला वाकून नमस्कार करायला लागल्यात.

फक्त एक सांगते. एवढं वयस्कर काही घरातून न्यायचं तर ते टपालानं मागत नाहीत. कंपनीच्या माणसानं मिठाईचा डबा घेऊन यावं, चटईवर बसावं, काकांच्या फोटोला सांगावं आणि मग हात लावावा. तो माणूस तूच असावास. ऑगस्टमध्ये ओबोनला पूर्वज घरी येतात, तेव्हा तूही ये. फोन करू नकोस, फोनवर तू नुसतं 'हो हो' म्हणतोस.

काकू


तोक्यो, ४ जुलै

ती. काकूस नमस्कार.

चुकलो. 'आपण' गेलं.

काकू, पत्राचा अर्थ थोडा वेगळा होता, म्हणजे अगदी वेगळा असं नाही, पण काचेच्या कपाटाचा विषय त्यात तसा नव्हता. तरी तुझी कल्पना मला आवडली. मी ती साहेबांच्या कानावर घातली. ते एकदम खूश झाले. म्हणाले, "म्हणजे फलक काढायला त्यांची हरकत नाही? मग वा! बाकीच्या गोष्टीचा सकारात्मक विचार करू." तीन वर्षांत त्यांनी पहिल्यांदा माझं नाव न चुकता घेतलं. सप्टेंबरअखेर हा विषय मिटला तर मला विभाग मिळेल असं दिसतंय.

ऑगस्टमध्ये मात्र अवघड आहे. कंपनी वेगळी होताना इतकी कागदपत्रं लागतात की मूल जन्माला घालणं सोपं असावं. म्हणून आमच्या मात्सुएच्या शाखेतले ओचिआई म्हणून एक तरुण विमा सल्लागार येतील. मिठाई घेऊनच येतील, तसं मी त्यांना बजावलंय.

सादाकिचीचं बकऱ्यांचं बरोबर आहे.

तोमो


कामोउरा, २८ जुलै

चि. तोमोस आशीर्वाद.

तुझा ओचिआई येऊन गेला. बूट दाराशी नीट जोडून ठेवले, काकांच्या फोटोपुढे उदबत्ती लावली, मिठाईचा डबा दोन हातांनी पुढे केला. चांगल्या घरचं पोरगं. घामानं असा निथळत होता की मी त्याला पंख्यासमोर बसवलं. तासाभरानं तोच पंखा विकत घेऊन गेला. फलक मागायला आला होता हे त्याला बसथांब्यावर आठवलं असावं, कारण तिथून पळत परत आला, वाकला आणि बस सुटेल म्हणून पुन्हा पळाला.

जाण्याआधी मी त्याची परीक्षा घेतली. चंद्रकोरीचं खालचं टोक उडालंय, ते कशानं? तो म्हणाला, वादळानं असेल. बघ! कंपनीच्या तपासनिसालाही काकांनी हेच सांगितलं होतं, तोंडावरची रेष न हलवता. तुझा चेंडू तेव्हा त्यांच्या खिशात होता. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्या हाती मी फलक कसा देऊ?

तू ये. ओबोनच्या आधीच्या दिवशी आलास तरी चालेल. सप्टेंबरमध्ये आलास तरी चालेल. काकांच्या अंत्यविधीला आलास तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेलास, तसं मात्र नको.

काकू


तोक्यो, ११ ऑगस्ट

ती. काकूस नमस्कार.

ओबोनला येऊ शकत नाही. लिहायला लाज वाटते, पण सुट्टीचा अर्ज मी पुढे केला तेव्हा साहेबांनी "हो, जरूर" म्हणून असा काही श्वास घेतला की मी अर्ज परत उचलला. इथे 'जरूर'चा अर्थ तसा होतो.

एक आनंदाची बातमी आहे. फलकाची जागा ठरली. तळमजल्यावर, दर्शनी दालनात, आत शिरल्यावर उजव्या हाताला. काचेचं कपाट, खाली मंद दिवा, आणि एक पाटी: 'कामोउरा येथील उराबे विद्युत भांडाराची सप्रेम भेट.' काकांचं नाव त्यात घालावं असं मी सुचवलंय. तू निश्चिंतपणे फलक उतरव.

सोबत टोमोएगी बागेतला चहा पाठवतो आहे.

तोमो


कामोउरा, १९ ऑगस्ट

चि. तोमोस आशीर्वाद.

चहा पोचला. डबा इतका सुंदर आहे की चहा दुसऱ्या बरणीत ओतून डबा मी देवघरात ठेवला.

काका येऊन गेले. पहिल्या संध्याकाळी दाराशी कंदील लावला, पण खरं सांगू, त्यांना कंदील दिसत नसणार. आयुष्यभर ते चंद्रकोर बघून घरी आले. मी त्यांना सांगितलं, पुढच्या वर्षी चंद्रकोरीचा दिवा नसेल, तेव्हा मठाच्या वळणावर डावीकडे वळा आणि चुकलात तर सादाकिचीला विचारा. जेवायला तीन पानं मांडली होती. तिसरं पान झाकून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी मीच खाल्लं.

मठातल्या गेनशोबुवांशी बोलणं झालंय. मोडक्या सुयांची आणि जुन्या बाहुल्यांची शांत करतात तशी फलकाची करू म्हणाले. वीस सप्टेंबर ठरवलाय. त्या दिवशी रविवार आहे. रविवारी तुमचा शेअर बाजारही झोपतो, हे मी रेडिओवर ऐकलंय.

काकू


तोक्यो, १२ सप्टेंबर

ती. काकूस नमस्कार.

घाईत आहे, माफ कर. वीस तारखेला साहेबांच्या घरी आम्हा सगळ्यांना बोलावणं आहे. कशासाठी ते सांगितलेलं नाही, म्हणजे माझ्या बढतीसाठी असावं. नाही म्हणता येत नाही.

वाहतूकवाला त्या दिवशी संध्याकाळी लाकडी पेटी घेऊन येईल. फलक त्यात घालून दे, बाकी सगळं तो बघेल. तुला काहीही उचलावं लागणार नाही. काकांच्या फोटोला माझ्या वतीने सांग.

तोमो


कामोउरा, २४ सप्टेंबर

चि. तोमोस आशीर्वाद.

कार्य थाटात झालं. अख्खं बंदर लोटलं होतं. ज्यांनी आमच्याकडून कधी साधा बल्ब घेतला नाही तेसुद्धा काळे कपडे घालून आले आणि हुंदके देऊन गेले. गेनशोबुवांनी मंत्र म्हटले. मेलेल्या माणसाला देतात तसं फलकाला नवं धर्मनावही दिलं: 'शांत उजेडाचा समुद्रकाठचा सेवक.' काकांना दिलेल्या नावापेक्षा हे चांगलंय असं सादाकिची म्हणाला आणि बुवांनी त्याच्याकडे डोळे वटारले. मग त्यानंच बऱ्या झालेल्या हातानं फलक खाली घेतला. भिंतीवर पांढरी चंद्रकोर उमटून राहिलीय. ती घासून काढायला तुझ्या पत्रात कुठे सांगितलेलं नव्हतं, म्हणून ठेवली.

दुकान बुटकं दिसतंय. सकाळी शटर उघडताना मी अजून वर बघते.

पेटी ट्रकवाल्यानं नेली. जड आहे. तू स्वतः उघड, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस. खिळे सावकाश काढ.

काकू


तोक्यो, ६ ऑक्टोबर

ती. काकूस नमस्कार.

सगळं पार पडलं! एक तारखेला सकाळी शेअर बाजारात आमच्या अध्यक्षांनी घंटा वाजवली, टाळ्या झाल्या, आणि आमची कंपनी स्वतःच्या पायावर उभी राहिली. मला विभाग मिळाला. आता माझी खुर्ची खिडकीजवळ आहे.

पण तुला ज्याची उत्सुकता आहे ते आधी सांगतो. पेटी मी स्वतः उघडली. खिळे सावकाश काढले. तुझी चंद्रकोर पाहिली आणि घशात आवंढा आला. पिवळा रंग अजून तसाच आहे, वरच्या कडेला समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं थोडा फिकटलाय. खालचं टोक उडालेलं, माझ्या चेंडूनं. 'उराबे'च्या शेवटच्या अक्षरापाशी काकांनी रंगाच्या डबीतून दिलेला हात, जो मूळ रंगाशी कधीच जुळला नाही, तोही तिथेच आहे.

आता फलक दर्शनी दालनात आहे. घंटा वाजवून परतताना अध्यक्ष कपाटासमोर थांबले. त्यांनी टाय सरळ केला आणि वाकले. एवढ्या मोठ्या इमारतीत आम्ही स्वतः बनवलेली एकही वस्तू नाही, काकू. येणारे लोक आता आधी तुझी चंद्रकोर बघतात. काका हे बघायला हवे होते.

नव्या वर्षाला नक्की येण्याचा प्रयत्न करतो.

तुझा,
तोमो


कामोउरा, १७ ऑक्टोबर

चि. तोमोस आशीर्वाद.

बढतीबद्दल अभिनंदन. खिडकीजवळच्या खुर्चीत बसताना पाठीला ऊन लागू देऊ नकोस.

तुझं पत्र मी दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं. अध्यक्ष वाकले तिथे मासळीवाल्या बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. गेनशोबुवा म्हणाले, धर्मनावाचा प्रभाव. सादाकिची मात्र उठून बाहेर गेला. पेटीचे खिळे त्यानंच ठोकले होते ना.

पेटीत फलक नव्हता, तोमो. मागच्या दाराचं गंजलेलं शटर होतं, दोन तुकडे करून घातलेलं. माझी पत्रं पुन्हा काढून वाच. फलक खाली घेतला असं लिहिलंय, पेटी नेली असं लिहिलंय. एकही अक्षर खोटं नाही.

मला काही कळलं नाही असं तुला वाटलं? 'समजून घ्यावे' म्हणजे काय, हे उधारी थकवणाऱ्या गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकतच आमचं दुकान चाललं. तुझं पहिलं पत्र मला पहिल्या वाचनातच समजलं. काचेच्या कपाटाचा विषय मी मुद्दाम काढला. तुला 'नाही काकू, तसं नाही, फलक भंगारात जाणार आहे' एवढं एक वाक्य लिहायचं होतं. किंवा येऊन सांगायचं होतं. मी रागावले असते, दोन दिवस बोलले नसते, आणि तिसऱ्या दिवशी तुझ्यासमोर फलक उतरवला असता. तू मला आणखी आणखी सुंदर कपाटं पाठवत राहिलास. भंगाराचं तर ओचिआईनं पंख्यासमोर बसल्या बसल्या सांगितलं होतं, बिचाऱ्याला खोटं बोलायचं अजून कुणी शिकवलेलं नाही. त्याला तुझ्या विभागात घेऊ नकोस.

तुझ्या कंपनीचं काम मी अडवलेलं नाही. दुकानावर चंद्रकोर नको होती, आता नाही. तू साहेबांसमोर तोंडघशी पडू नयेस, एवढी काळजी मी घेतलीय.

पण पेटीत शटरवर, उघडताक्षणी दिसेल अशी, सुकी मासळी ठेवली होती, माकुलं. वर्तमानपत्रात गुंडाळून, तुला आवडतात तशी कडक वाळवून. ह्या वर्षी माकुलं कमी लागली, सादाकिचीनं स्वतःच्या वाटणीतली दिली. तुझ्या पत्रात रंग आहे, आवंढा आहे, अध्यक्षांचा टाय आहे, माकुलांचा वाससुद्धा नाही. पेटी तू उघडली नाहीस ह्याचं मला फार वाईट वाटलं. तू खोटं बोललास ह्याचं तेवढं नाही. ती माकुलं कुठल्या भंगारवाल्याच्या पोटात गेली असतील, त्याला पचोत.

तरी एक गोष्ट मनातून जात नाही. उडालेलं टोक, फिकट कड, काकांनी दिलेला तो न जुळलेला रंग. हे सगळं तू न बघता लिहिलंस, आणि एकही चूक नाही. म्हणून पूर्ण रागावता येईना, आणि म्हणूनच हे पत्र मी दुकानात वाचणार नाही. लोकांच्या लेखी चंद्रकोर तोक्योत आहे आणि अध्यक्ष तिच्यापुढे वाकतात. तसंच राहू दे. तू इथे आलास आणि कुणी विचारलं तर मान डोलव, एवढं तुला जमेल.

'येण्याचा प्रयत्न करतो' असं पुन्हा लिहू नकोस. त्याचाही अर्थ मला कळतो. तारीख कळव आणि मिठाई घेऊन ये. काकांच्या फोटोला तुझं तूच सांग.

कोठारातला बल्ब गेलाय, तो मी बदललेला नाही. फलक तिथे मागच्या भिंतीला टेकून ठेवलाय, वायर अजून शाबूत आहे. काही शोधायचं असलं की प्लग लावते आणि तेवढ्या पिवळ्या उजेडात भागतं. काल त्याच उजेडात बसून तुझ्यासाठी पुन्हा माकुलं बांधून ठेवली. ह्या वेळी पाठवणार नाही.

काकू